सव्विसाव्या रस्त्याचे शेजारपण

शिकागोत राहायला आल्यापासून लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत माझे वरचेवर जाणे होते. तिथले लोक तिला ‘ला वियिता’ म्हणतात. सव्विसाव्या रस्त्यावर बेकऱ्या, किराणा दुकाने आणि मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या झग्यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. पदपथावर एक बाई ऊब टिकवणाऱ्या पेटीत गरम तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे सारण भरून वाफवलेले उंडे, घेऊन बसते. गिऱ्हाईक पैसे काढेपर्यंत ती त्याच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी करते आणि मागे रांग वाढली तरी कोणी कुरकुरत नाही.

या रस्त्याची ताकद जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत दिसली. शहरात सातशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा भरणा मोठा होता. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे लोक शहराच्या लोकसंख्येच्या सुमारे पाव हिस्सा असूनही मृतांमध्ये त्यांचे प्रमाण केवळ दोन टक्के होते. लगतच्या नॉर्थ लॉनडेल या कृष्णवर्णीय वस्तीत लाखामागे सुमारे ४० मृत्यू झाले, तर लिटल व्हिलेजमध्ये चारही नाहीत. एकट्या राहणाऱ्या गरीब वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

या फरकाला ‘लॅटिनोंची कुटुंबसंस्थाच घट्ट’ हे उत्तर मला अपुरे वाटते. लिटल व्हिलेजमधल्या वृद्धांत मागे राहिलेले गोरे रहिवासीही बरेच होते आणि तेही वाचले. नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने आणि दुकाने गेली, मोकळ्या भूखंडांवर गवत वाढले आणि रस्त्यावरच्या हिंसेच्या धास्तीने म्हाताऱ्यांनी दारे लावून घेतली. तिथल्या लोकांच्या माणुसकीत काही उणे नव्हते. माणसे भेटतील अशी जागाच उरली नव्हती. लिटल व्हिलेजमध्ये मात्र घराबाहेर पडले की गजबज होती, थंडगार दुकाने होती आणि ओळखीचा माणूस दिसला नाही तर विचारपूस करणारे कोणीतरी होते.

अशा ओळखीतूनच ‘तांदा’ चालते. ही थेट आपली भिशीच आहे: दरमहा ठरलेली रक्कम, पाळीपाळीने उचल, आणि कागदाऐवजी शब्दावर चालणारा व्यवहार. ज्यांच्याकडे बँकेला दाखवण्याजोगी कागदपत्रे नाहीत, त्यांचे दुकान किंवा घराची अनामत रक्कम पुष्कळदा यातून उभी राहते.

हाच विश्वास मे २००१ मध्ये रस्त्यावर उतरला. कबूल केलेली माध्यमिक शाळा पैशाअभावी रखडली आहे असे सांगितले गेले, तेव्हा वस्तीतल्या आया आणि आज्या शाळेसाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर तंबू ठोकून १९ दिवस उपोषणाला बसल्या. शाळा २००५ मध्ये सुरू झाली. तिच्यात नॉर्थ लॉनडेलची मुलेही शिकतात, याचे मला विशेष मोल वाटते.

२०२५ च्या शरद ऋतूत स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली आणि नेमकी रस्त्यावरची ही गजबजच धोक्यात आली. दुकानांतली वर्दळ ओसरली. पण धरपकड करणाऱ्यांच्या गाड्या दिसताच शिट्ट्या वाजवून गल्लीला सावध करण्याची रीत शेजाऱ्यांनी बसवली. सायकलस्वार स्वयंसेवक सकाळीच विक्रेत्यांचा सगळा माल विकत घेऊन त्यांना घरी पाठवू लागले आणि ते तमाले गरजूंपर्यंत पोहोचवू लागले.