दुचाकीवरची कंबरदुखी

पुणे ते सातारा असा जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास मी दर पंधरवड्याला मोटारसायकलवर करतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शिरवळ आले की माझी कंबर धरायची, खंबाटकीचा घाट चढताना तिच्यात चमक मारू लागायची आणि साताऱ्यात गाडी स्टँडवर लावल्यावर क्षणभर सरळ उभेही राहता येत नसे. मी सीटवर मऊ आवरण घातले, कंबरपट्टाही बांधून पाहिला. फरक पडला नाही.

फरक पडला तो बसण्याची रीत बदलल्यावर. पोक काढून बसले की माकडहाड पुढे सरकते, कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका मणक्यांमधल्या गाद्यांच्या पुढच्या कडेवर येतो. म्हणून मी टाकीच्या जवळ सरकून बसू लागलो, दोन्ही गुडघ्यांनी टाकी हलकेच आवळून धरू लागलो आणि कोपरे किंचित वाकलेली ठेवू लागलो. गतिरोधक दिसला की वेग कमी करायचा, पायांवर भार घ्यायचा आणि सीटवरून दोन बोटे उठायचे, म्हणजे तो दणका मांड्या पेलतात. पहिला आठवडाभर मांड्यांच्या आतल्या बाजू इतक्या भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. पण आजवर हे काम बिचारी कंबर एकटी करत होती, हे तेव्हाच मला कळले.

गाडीकडेही पाहावे लागते. मागच्या शॉकॲबसॉर्बरची स्प्रिंग मी एकदा दोघांच्या प्रवासासाठी पाचव्या, म्हणजे सर्वांत कडक खाचेवर करून घेतली होती आणि नंतर एकट्याने फिरतानाही ती तशीच राहिली होती. मेकॅनिकने पाना लावून ती दुसऱ्या खाचेवर आणली, तेव्हा तोच रस्ता निराळा वाटला. टायरमधील हवाही गाडी थंड असताना, कंपनीने सांगितली आहे तेवढीच भरावी. पाठीवरची सॅक मी आता मागच्या सीटवर बांधतो आणि मागच्या खिशातले पाकीट जाकिटात ठेवतो, कारण त्याच्या जाडीने बसताना कंबर एका अंगाला कलते.

दर पाऊण तासाने मी थांबतो. दोन्ही तळहात कंबरेवर ठेवून सावकाश मागे वाकतो, असे आठ-दहा वेळा करतो आणि थोडे चालतो. चहाच्या टपरीवर लगेच बाकड्यावर बसण्याचा मोह मात्र आवर्जून टाळतो.

हे सारे नुसत्या कंबरेतल्या दुखण्यासाठी आहे. कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना जोर लागत नसेल, तर गाडी घरी ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आणि जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.