रविवारचा खाडा

रविवारी सकाळी सव्वासहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते आणि त्या रांगेत निम्मे लोक आमच्या चर्चच्या मंडळीतले असतात. "सलाम, सिस्टर." "सलाम, सलाम. किती घेताय?" असं करत नंबर येतो. घरी आल्यावर मटण धुवायचं, हळद-मीठ-आलं-लसूण चोळायचं, कांदा-खोबरं गॅसवर भाजायचं, पाट्यावर नाही तरी मिक्सरला वाटायचं, कुकरच्या चार शिट्ट्या काढायच्या, बाजरीचं पीठ चाळून ठेवायचं. मग अंघोळ, इस्त्रीची साडी, पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत', चष्मा. साडेनऊला घंटा होते तेव्हा मी चर्चच्या पायऱ्या चढत असते आणि माझ्या बोटांना लसणाचा वास असतो.

नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं) रविवारचं मटण ही आम्हा ख्रिस्ती घरांची जवळजवळ अकरावी आज्ञा आहे. आमच्या ह्यांचं तर मत असं की, चर्चमधला संदेश, म्हणजे प्रवचन, थोडा कमी-जास्त झाला तरी चालेल, रस्सा कमी पडता कामा नये.

पाळकसाहेब परवा म्हणाले, उपासना म्हणजे जवळ बसणं. उप म्हणजे जवळ, आसन म्हणजे बसणं. देवाच्या जवळ जाऊन बसायचं, बाकी काही करायचं नाही. छान सांगितलं. मी शेवटच्या बाकावर बसून विचार करत होते की, शेगडी बंद केली का. बसणं कुठे जमतंय? बसते ती साडी, मी नाही. फक्त टिळकांचं भजन सुरू झालं की फरक पडतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आमच्या उपासनेत अभंग आणले, टाळ आणले, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. टाळाच्या ठेक्यात कुकर खरोखर विसरला जातो. पाच-सात मिनिटं तरी.

तर त्या रविवारी दहा आज्ञांचं वाचन होतं. चौथी आज्ञा: शब्बाथ दिवस, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पवित्र पाळ. (वसईची माझी कॅथलिक मैत्रीण हिला तिसरी म्हणते, त्यांची मोजणी वेगळी.) ही आज्ञा मी लहानपणी संडेस्कूलमध्ये घडाघडा म्हणून बक्षीस मिळवलेलं आहे, तरी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. कोणी कोणी काम करायचं नाही याची त्यात यादी आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. मी बोटं मोजली. परत मोजली. गुरं आहेत. बायको नाही.

उपासना संपल्यावर दारातच पाळकसाहेबांना गाठलं. ते हसले. म्हणाले, "सिस्टर, 'तू' म्हटलं की त्यात नवरा-बायको दोघं आले, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात." म्हणत असतील. त्या अभ्यासकांचं रविवारचं जेवण कोण करत होतं तेही एकदा विचारायला हवं.

घरी आले, भाकरी थापल्या, तिघं पाहुणे होते, जेवणं झाली, आणि मोरीत भांड्यांचा डोंगर पडला. चार वाजता पाठ इतकी धरली की मी पलंगावर सरळ होऊ शकेना. तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातली ती बाई आठवली, अठरा वर्षं कंबरेत वाकलेली, जिला येशूने शब्बाथ दिवशी सभास्थानात सरळ केलं. सभास्थानाचा अधिकारी चिडला, की बरं व्हायला बाकीचे सहा दिवस आहेत, तेव्हा या. येशू म्हणाला, तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल, गाढव सोडून पाण्यावर नेता ना? मग हिला का सोडवायचं नाही?

ही गोष्ट मला जवळची, कारण तेहतीस वर्षं मी रविवारी वॉर्डात उभी होते. सरकारी नोकरीत नर्सला रविवार कुठला? ड्युटीचा तक्ता लागला की त्यात आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे तेवढं बघायचं. आमच्या एक ख्रिस्ती मेट्रन होत्या, नवीन मुलींनी रविवारी चर्चसाठी सुट्टी मागितली की म्हणायच्या, "येशूने शब्बाथ दिवशी काय केलं? ड्युटीच केली ना?" आम्ही गप्प.

नाइट करून सकाळी तशीच चर्चला गेले की पहिल्या गीतानंतर माझी मान पडायची. शेजारची बाई कोपर मारायची. मला फार अपराधी वाटायचं, जोवर युतुखाची गोष्ट मला नव्याने कळली नव्हती तोवर. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे ती. त्रोवस गावात आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळे भाकर मोडायला जमले, येशूचा प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतच राहिला, आणि खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप लागून तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला मेलेला समजून उचलला, पौलाने खाली जाऊन कवटाळला, आणि तो जिवंत होता. यावर मी आजवर जेवढे संदेश ऐकले, सगळ्यांचं तात्पर्य एकच होतं की, चर्चमध्ये झोपू नये. पण त्या काळी रविवार सुट्टीचा दिवस नव्हता! प्रभू येशू रविवारी मेलेल्यांतून उठला म्हणून लोक त्या दिवशी जमत, पण दिवसाची कामं उरकून किंवा उजाडायच्या आत. रोमी साम्राज्यात रविवारी कचेऱ्या बंद ठेवायचा हुकूम कॉन्स्टंटाइन बादशहाने काढला तो 321 साली. म्हणजे पहिली जवळपास तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक उपासना करत होते ते रजेशिवाय. युतुख दिवसभर कुठेतरी राबून आला असणार, माझी खात्री आहे. पौलाने उठवल्यावर त्याला बोल लावल्याचं तिथे एका शब्दाने नाही.

थांबणं कसं असतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं, पण आमच्या लोकांत नाही. अलिबागला बदली होती तेव्हा माझ्या खोलीशेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातली, म्हातारी राहायची. तिला सगळे आजीच म्हणायचे. बोलणं आमच्यापेक्षा अस्सल कोकणी वळणाचं मराठी, नऊवारी लुगडं, आणि शुक्रवारी दुपारपासून तिची धांदल. भात, कालवण, गोड काही, सगळं दिवस मावळायच्या आत. मग दिवा लावायची, डोळ्यांवर हात धरून पुटपुटायची, आणि झालं. शनिवारी सूर्य बुडेपर्यंत ती बाई नुसती बसून असायची. कोकणात पूर्वी या लोकांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव ठेवलं शनवार तेली. हिब्रू विसरले, प्रार्थना बऱ्याचशा विसरले, पण शनिवारी बैल घाण्याला जुंपायचा नाही एवढं पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलं. एका शनिवारी मी ड्युटीवरून आले तर आजी ओट्यावर पाय सोडून बसलेली. म्हटलं, "आजी, कंटाळा नाही येत?" म्हणाली, "येतो की. कंटाळा यायला पण वेळ लागतो, बाय."

त्यांच्या घरात आदल्या दिवशी राबणारी तीच एकटी होती, हेही मी पाहिलं होतं. त्या वयात त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या स्वतःच्या आजीचा शब्बाथ आणखी वेगळा. आमचं गाव नेवाशाकडचं. आबा रविवारी मोट चालवायचे नाहीत, बैल दावणीला. आजी चूल मात्र पेटवायची. मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहीर आटली, एक बैल विकला, आणि आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तिच्या ओंजळीतून सुकडी खाल्लेली आठवते, आणि तिच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या. पहिले दोन-तीन रविवार तिने खाडा केला. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. पुढच्या रविवारी ती पहाटे उठली, देवळात (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची) एकटी जाऊन गुडघे टेकून आली आणि हातोडा घेऊन कामावर गेली. आबा बोलले नाहीत. संध्याकाळी पाळक घरी आले होते, त्यांना ती एवढंच म्हणाली, "साहेब, देवानं रानात मान्ना दिला तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट दिला होता. मला मुकादम एकाच दिवसाचे देतो." (मान्ना म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रानात रोज दिलेलं अन्न; सहाव्या दिवशी दुप्पट, म्हणजे सातव्या दिवशी गोळा करायला जायला नको.)

या वाक्याचा अर्थ मला कळायला पन्नास वर्षं लागली. कळला तोही माझ्या भांडीवाल्या मावशींमुळे.

झालं असं की, त्या मोजणीच्या रविवारनंतर मी घरात जाहीर केलं, इथून पुढे रविवारी स्वयंपाक नाही. मटण शनिवारी रात्री शिजेल, रविवारी गरम करून खायचं, भाकरीऐवजी पाव. ह्यांचा चेहरा एसटीच्या डेपोत गाडी रद्द झाल्याची पाटी वाचावी तसा झाला. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, मोबाईलवरून मागव ना, अर्ध्या तासात येतं." म्हटलं, घेऊन कोण येतं? तो उन्हात गाडी दामटणारा पोरगा म्हणजे आज्ञेतला 'वेशीच्या आतला उपरा'च झाला की. लेक म्हणाली, "तू फार विचार करतेस."

पण विचार अर्धवटच केला होता. यादीत बायको नाही म्हणून मी रागावले, आणि यादीत जी स्पष्ट आहे, 'तुझी दासी', ती माझ्या डोळ्यांसमोर सात वर्षं दर रविवारी दुपारी अडीचला येत होती. रविवारी तर हटकून. कारण रविवारी भांडी जास्त! मी स्वतःच तिला सांगून ठेवलं होतं, "मावशी, एखादा सोमवार चुकवा, पण रविवारचा खाडा नको." हे वाक्य माझं आहे. चर्चमधून आल्यावर, पवित्र शास्त्र कपाटात ठेवता ठेवता म्हटलेलं.

हे लक्षात आलं तेव्हा मला दिवसभर धड जेवण गेलं नाही.

सोमवारी मावशींना म्हटलं, आता रविवारी येऊ नका. त्यांच्या हातातली घासणी थांबली. "काय चुकलं का, ताई?" नाही म्हटलं, सुट्टी. "किती कापणार?" काही कापणार नाही म्हटलं, पगार तोच. त्यांचा विश्वास बसला नाही. मग मी त्यांना नारायण मेघाजी लोखंड्यांची गोष्ट सांगितली, कारण देवाची आज्ञा वगैरे सांगून त्यांना वाटलं असतं ही बाई आता मला बाटवायला निघाली. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंडे सत्यशोधक समाजाचे, ज्योतिबांच्या बरोबरीने काम करणारे. त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली, 1884 पासून मागणी लावून धरली, आणि 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार! साहेब चर्चला जातो म्हणून नाही, आमच्या मल्हारीचा दिवस म्हणून. मावशींच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. त्या खुलल्या. "मग बरोबरच आहे," म्हणाल्या, "देवाचाच वार हाय तो."

मला वाटलं, जमलं.

पहिल्या रविवारची भांडी मी तशीच मोरीत ठेवली, हट्टाने. सोमवारी मावशी आल्या आणि डोंगर बघून म्हणाल्या, "ताई, ही सुट्टी म्हणायची का उधारी?" त्या संध्याकाळी आमच्या घरात एक बैठक झाली आणि तेव्हापासून रविवारची भांडी हे घासतात. रडतखडत, कढईचा बुडखा तसाच ठेवून, पण घासतात. रेडिओ लावून.

पण खरी गोष्ट मला महिन्याभराने कळली. मावशींनी रविवारी पलीकडच्या सोसायटीत एक घर धरलं होतं. माझ्याकडे सुट्टी मिळाली, तेवढ्या वेळात तिथली भांडी आणि फरशी. मी विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या. "लेकीच्या बाळंतपणाचं कर्ज हाय, ताई. बसून काय करू?"

मी काही बोलले नाही. माझ्या पगारावर त्यांचं घर चालत नाही, चार घरं मिळून चालतं, आणि चारही घरांचा रविवार एकदम बंद झाला आणि पैसे मात्र तेवढेच राहिले तरच त्यांना बसता येईल. मी त्यातलं एक घर. आजीच्या हिशेबात मी एकाच दिवसाचा मान्ना देणारी.

मग पगार वाढवला. किती ते सांगत नाही, वाढवून पुरेसा झालेला नाही. सोसायटीतल्या दोघीतिघींशी बोलले. एक म्हणाली, "तुमचं ठीक आहे सिस्टर, तुम्ही दोघंच." एकीने पाहू म्हटलं. आमच्या महिला मंडळात विषय काढला तर आधी शांतता, मग कोणीतरी हळूच प्रार्थना सुरू केली, की विषय संपावा.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी. भाकरीचा तुकडा तळहातावर घेऊन बसले होते. बोटांना लसणाचा वास नव्हता, शेगडीची आठवण नव्हती, खरोखर नुसती बसले होते. खिडकीतून रस्ता दिसतो. साडेदहाच्या सुमारास मावशी पिशवी घेऊन पलीकडच्या सोसायटीकडे चाललेल्या दिसल्या. त्यांनी चर्चकडे पाहून सवयीने हात जोडले आणि पुढे गेल्या.