सिडनीहून गंडगायला निघताना काउंटरवर गेलेली सकाळ

सिडनीत गाडी भाड्याने घेणार असाल तर घरूनच लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचं नाव वाचा. आमची अख्खी सकाळ यापायी गेली आणि मला त्याचा राग अजून आहे.

व्हिसा, तिकिटं, मोटेल सगळं सुरळीत झालं होतं. माझ्या लायसन्सवर आणि पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव आहे, आपल्याकडे असतंच. क्रेडिट कार्डावर फक्त नाव आणि आडनाव. डिपॉझिटचं कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, हे मान्य. पण काउंटरवरच्या मुलाला ही दोन वेगळी माणसं वाटत होती. लायसन्स आणि पासपोर्टवरचा चेहरा माझा, जन्मतारीख एकच, आणि मी समोर उभी! ते जरा मिटतंय तोवर त्याने इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मागितलं. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये पाहुण्याचं लायसन्स इंग्रजीत असेल तर तेवढ्यावर गाडी चालवता येते. माझं पुण्याच्या आरटीओचं लायसन्स इंग्रजीतच आहे. त्यांच्याच बुकिंगच्या मेलमध्येही तसंच लिहिलेलं होतं. मेल दाखवला, तरी उत्तर एकच, मॅनेजर येऊ देत. मागची रांग दुसऱ्या खिडकीवर सरकून गाड्या घेऊन गेलीसुद्धा. अखेर मॅनेजर आल्या, दोन्ही कागद पाहिले आणि लगेच किल्ली दिली. एवढ्यासाठी सकाळ!

तरीही परमिट काढूनच जा. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज होतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष.

सकाळ महत्त्वाची का, तर गंडगाय हे गाव सिडनीपासून जवळपास ४०० किलोमीटर आहे आणि जुलैत तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात. गावाबाहेर अंधारात जनावराला धडकलात तर काही करारांत विमा मिळत नाही, ते कलम सही करण्याआधी वाचा. उशीर होणार असेल तर मोटेलला फोन करा. रिसेप्शन लवकर बंद होतं, पण सांगितलं तर किल्ली बाहेर ठेवतात. जेवणाचंही तसंच, आठनंतर स्वयंपाकघरं आटोपलेली असतात.

दुसऱ्या दिवशी शेरिडन स्ट्रीटवर यारी आणि जॅकी जॅकी यांचे पुतळे पाहिले. जून १८५२ च्या मरमबिजी नदीच्या पुरात ८० हून अधिक माणसं गेली. विराजुरी या तिथल्या आदिवासी समाजातल्या या दोघांनी झाडाच्या सालीच्या होड्यांतून ६० हून अधिक जणांना वाचवलं. हे पुतळे उभे राहायला २०१७ उजाडलं! त्यांच्यासमोर आम्ही बराच वेळ थांबलो. पुरानंतर गाव उंचावर हलवलं, हे रस्त्याचा चढ चढताना नीट कळतं.

शिदोरीच्या डब्यावर बसलेल्या कुत्र्याचा १९३२ चा प्रसिद्ध पुतळा मात्र गावात नाही. सिडनीहून येताना तो साधारण ८ किलोमीटर आधी लागतो. आम्ही अंधारात तो मागे टाकून आलो होतो, म्हणून सकाळी उलटं जाऊन पाहिला. तुम्ही उजेडात पोहोचलात तर जातानाच थांबा.