पन्नास शब्दांत परिचय द्या म्हणे

एका ठिकाणी बोलायला बोलावलंय, तर आयोजकांनी पन्नास शब्दांत परिचय मागितला. दोन तास बसलो आणि हाती आलं ते एवढंच, 'सिक्युरिटी कन्सल्टंट, लेखन आणि सुतारकामाची आवड'. वाचून मलाच वाटलं, हा माणूस रिटायर झालेला दिसतोय. तेव्हा ते पन्नास शब्द नंतर बघू, इथे जरा ऐसपैस लिहितो.

कॉम्प्युटर सिक्युरिटीत मी ठरवून वगैरे आलो नाही. पहिली नोकरी वायटूकेची, म्हणजे 2000 सालच्या तारखांच्या घोळाची. कोबोल या जुन्या कॉम्प्युटर भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, त्यामुळे 99 नंतर 00 आलं की मशीन समजणार 1900 साल लागलं. आमचं काम काय, तर दिवसभर कोड उपसायचा आणि तारखा शोधायच्या, आणि त्या तारखांची नावंही अशी की लिहिणाऱ्याला गाठून जाब विचारावासा वाटे. सगळीकडे चार आकडे बसवत बसायला वेळ नव्हता म्हणून बऱ्याच ठिकाणी जुगाड केला, 00 ते 49 आलं तर आधी 20 लावा, 50 ते 99 आलं तर 19 लावा. (दुखणं पुढे ढकलतोय हे तेव्हाही कळत होतंच.) एका प्रोग्रॅममध्ये 2000 हे लीप वर्षच नव्हतं, कारण शंभराने भाग गेला तर लीप नाही एवढाच नियम लिहिणाऱ्याला माहीत होता, चारशेने भाग गेला तर परत लीप हा पुढचा अर्धा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. 29 फेब्रुवारी गायब! ते सापडलं त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने.

मग 1 जानेवारी 2000 उजाडला आणि काहीही झालं नाही. आठवड्याभरात एक साहेब म्हणाले, 'उगाच बाऊ केलात बघा.' तेच वाक्य मी त्यानंतर किती जणांच्या तोंडून ऐकलंय त्याला गणती नाही. आपलं काम नीट झालं तर दाखवायला काहीच उरत नाही, ही या धंद्याची खोड आहे.

नंतर काही वर्षं सर्व्हर सांभाळले, तिथे लॉग, म्हणजे मशीनवर कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, वाचायची सवय लागली. क्लिफर्ड स्टॉलची गोष्ट तेव्हा कळली. 1986 मध्ये बर्कलीच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात 75 सेंटचा फरक आला, आता 75 सेंटसाठी कोण डोकं लावतं, पण हा खगोलशास्त्रातला माणूस हटून बसला आणि माग काढत काढत थेट रशियन हेरखात्याला माहिती विकणाऱ्या जर्मनीतल्या हॅकरपर्यंत गेला. माझ्या लॉगमध्ये कधी कोणी हेर सापडला नाही. एकदा रात्री तीनला रोज लॉगिन होणारा 'संशयित' सापडला, तो मीच लावून विसरलेला बॅकअप निघाला.

मग पेन टेस्टिंग, म्हणजे मालकाच्या परवानगीनेच घुसून कुठे कच्चं आहे ते दाखवायचं. लोकांना वाटतं काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं. प्रत्यक्षात एकदा मी खांद्यावर शिडी घेऊन एका ऑफिसात शिरलो, आणि दार कोणी उघडलं तर तिथल्याच एका भल्या माणसाने, वर 'सांभाळून हं' म्हणाला. खिशात परवानगीचं पत्र होतं म्हणून बरं, पण घाम मात्र खराखुरा फुटला. आतल्या प्रिंटरला कंपनीतून आला तोच पासवर्ड. ऐंशी पानांचा रिपोर्ट दिला. पुढच्या वर्षी परत गेलो, प्रिंटर तोच, पासवर्डही तोच.

खूप चिडचिड झाली. त्याच सुमारास मी रात्री गोष्टी लिहायला लागलो होतो, साध्या रहस्यकथा, दोनचार मित्रांनाच वाचायला द्यायचो. एक मैत्रीण म्हणाली, तुझ्या गोष्टीत पहिल्या पानावर काहीच घडत नाही. लागलं मनाला. पण मग तो रिपोर्ट काढून बघितला तर त्यातही तेच, पहिली अकरा पानं व्याप्ती, व्याख्या, कार्यपद्धती. पुढचा रिपोर्ट मी असा सुरू केला, 'सकाळी 9 वाजून 40 मिनिटांनी मी शिडी घेऊन आत आलो, 10 वाजून 25 मिनिटांनी तुमच्या पगाराच्या फाइल्स माझ्यासमोर होत्या.' तो मात्र वरपर्यंत वाचला गेला, दोघातिघांचे फोन आले. गोष्टी अजून कुठे छापून आल्या नाहीत, असो.

कुलपांचा नाद मात्र सगळ्यात जुना. साध्या कुलपात पाचसहा पिना असतात, प्रत्येकीचे दोन तुकडे, वरून स्प्रिंगचा दाब. बरोबर किल्ली गेली की सगळे जोड एका रेषेत येतात आणि आतला दांडा फिरतो. कागदावर सगळ्या पिना एकदम अडतात, पण कुठलंही कुलूप इतकं काटेकोर बनत नाही, त्यामुळे हलका ताण दिला की एकच पिन आधी अडते, तिला उचला, बारीकशी टिक येते, मग पुढची. म्हणजे कुलूप उघडतं ते घडवणाऱ्याच्या केसभर चुकीमुळे. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा या इंग्रज कुलूपवाल्यांचं कुलूप असंच उघडलं. दुकानाच्या खिडकीत कित्येक दशकं आव्हान म्हणून ठेवलेलं, उघडेल त्याला 200 गिनी. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. मला तर त्या 51 तासांतल्या मधल्या कंटाळ्याचंच जास्त कौतुक वाटतं.

सध्या लाकडात अडकलोय. रंधा मारला की छिलके दिसतात, खाच चुकली तर चूक कायमची दिसते, आणि रविवारी संध्याकाळी हातात काहीतरी असतं, उगाच बाऊ केलास असं कोणी म्हणू शकत नाही. चार महिने खपून सागवानाची पेटी केली, डव्हटेल म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे जोड, आत मीच बनवलेलं पितळी कुलूप, पिना कानशीने घासून बसवलेल्या. लेकीच्या हातात दिली आणि म्हटलं, किल्ली मिळणार नाही, उघडून दाखव.

तिने कुलपाकडे बघितलंसुद्धा नाही. पेटी फिरवली, पेचकस आणला आणि मागच्या बिजागरीचे चार स्क्रू काढून झाकण उलटीकडून उचललं. तीन मिनिटं, त्यातली दोन पेचकस शोधण्यात गेली. रिपोर्ट लिहून दे म्हटलं तर म्हणाली, 'बाबा, स्क्रू बाहेरून लावलेत. झाला रिपोर्ट.'