जुळलेल्या आकड्यांचा संशय

कोल्हापुरात कंपनांच्या चाचण्या करतो असे सांगितले की लोकांना शिरोलीच्या कारखान्यांतले पंप आणि ब्लोअर आठवतात. त्या दिवशी मात्र टेबलावर होती 600 मिलिमीटर लांब आणि 3 मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी. लांब पंखांच्या एका मानवरहित विमानाचे संगणकीय मॉडेल उभे करण्यापूर्वी, हिचे एक टोक क्लॅम्पमध्ये आवळून कंपने मोजायची होती. वाकणाऱ्या पट्टीसाठीच्या ऑयलर-बर्नोली सूत्रानुसार पहिली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ठोकल्यावर पट्टी आपोआप सेकंदाला जितक्या वेळा हलते तो आकडा, 6.85 हर्ट्झ यायला हवी होती, ती 6.4 भरली, दुसरी 43 ऐवजी 40 च्या किंचित वर.

आमच्या एका वरिष्ठांनी पट्टीच्या मॉडेलमधला यंग गुणांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचे माप, 70 वरून 61 गिगापास्कलवर आणला आणि दोन्ही आकडे जवळपास जुळले. नेहमीच्या वापरातल्या ॲल्युमिनियमचा गुणांक इतका खाली जात नाही, हे सांगितल्यावर "आलेख जुळलाय ना?" एवढेच उत्तर मिळाले. अहवालाची घाई असली की आमच्या क्षेत्रात ही वृत्ती सर्रास दिसते.

खरी गोम अशी, की गुणांक कमी केला तर सगळ्या वारंवारता एकाच प्रमाणात उतरतात, आणि पट्टी मुळाशी, म्हणजे क्लॅम्पच्या पकडीत, किंचित वळत असेल तरीही त्या, निदान पहिल्या अंदाजात, एकाच प्रमाणात उतरतात. म्हणजे दोन्ही वारंवारता जुळल्याने दोष धातूचा की पकडीचा, हे मुळीच कळत नाही. लांबी कमी केली तर मात्र फरक उघड होतो: गुणांकामुळे वारंवारतेत आलेली तूट टक्केवारीत तेवढीच राहते, पकडीमुळे आलेली वाढते. म्हणून पट्टी क्लॅम्पमधून 300 मिलिमीटरच बाहेर ठेवून पुन्हा मोजली. बदललेल्या गुणांकाच्या मॉडेलने 25.6 हर्ट्झ सांगितले होते, मोजमाप 24 च्या आसपास आले. म्हणजे दोष पकडीकडे बोट दाखवत होता.

क्लॅम्प ज्यांनी बनवला त्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फिलर गेजची, म्हणजे फटी मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली, सर्वांत पातळ पाती जबड्याच्या तोंडाशी सरकवली, तर ती सहज आत गेली. "ड्रॉइंगमध्येच बोल्ट लई मागं हाइत, सायेब. तोंड मोकळंच ऱ्हातंय." तीच पट्टी दोऱ्यांवर टांगून, दोन्ही टोके मोकळी ठेवून ठोकली, तेव्हा गुणांक 70 च्या जवळच निघाला.

वरिष्ठांच्या मते 61 वाले मॉडेलही "कामापुरते" चालले असते. मला ते पटत नाही, कारण फ्लटरचा, म्हणजे हवेच्या झोतात पंखाची कंपने आपोआप वाढत जाण्याचा, हिशेब पंखाच्या वाकण्याच्या आणि पिळण्याच्या वारंवारता एकमेकींच्या किती जवळ आहेत यावर अवलंबून असतो, आणि विमानात हा क्लॅम्प नसणार, वेगळाच सांधा असणार. तो पंख अर्धा करून तपासता येणार नाही. म्हणून चाचणीच्या आराखड्यात मी एक बाब वाढवली आहे: टोकाला ठरावीक वजन टांगायचे आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) लावून मुळाचे वळण थेट मोजायचे. मंजुरी अजून आलेली नाही.