दोन टक्क्यांचा गठ्ठा

मतमोजणीच्या दिवशी आमच्याकडे सगळ्यांत आधी लावून होतो तो एसजीपी या कट्टर प्रोटेस्टंट पक्षाचा गठ्ठा. तो लहान असतो म्हणून नव्हे. आमच्या गावात तो चांगला जाडजूड असतो. पण त्यातली बहुतेक मतं यादीतल्या पहिल्याच नावाला पडलेली असतात, त्यामुळे उमेदवारवार वेगळं करायला फारसं काही उरत नाही. इतर पक्षांचे मतदार कुणी ओळखीचा म्हणून सतराव्या नावापुढे, कुणी आपल्या भागातला म्हणून तिसाव्या नावापुढे, तर कुणी मुद्दाम यादीतली पहिली बाई शोधून तिच्या नावापुढे लाल खूण करतात. एसजीपीच्या मतदाराला ही शेवटची सोय नाही. २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत त्यांच्या यादीत एकही बाई नव्हती.

मी नेदरलँड्समध्ये फेलुवे भागातल्या एका नगरपालिकेत नोकरी करते. एरवी माझं काम पासपोर्ट, पत्ताबदल आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचं. निवडणूक आली की आम्हा सगळ्यांना तिकडे जुंपतात. माझे वडील नगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, त्यामुळे ‘निवडणुकीची ड्यूटी’ हा प्रकार मला लहानपणापासून ठाऊक. फरक एवढाच की तिकडे आता यंत्रं आहेत आणि इकडे यंत्रं वापरून झाल्यावर ती पुन्हा मोडीत काढली. मतदान यंत्रांच्या सुरक्षिततेबद्दल आणि गुप्ततेबद्दल शंका निघाल्या, आणि २००७ नंतर हा देश परत कागद आणि लाल पेन्सिलीवर आला. मतपत्रिका म्हणजे अक्षरशः चादर. २०२३ ला २६ पक्ष रिंगणात होते आणि प्रत्येकाच्या उमेदवारांची पूर्ण यादी तिच्यावर छापलेली. आपल्या उमेदवाराच्या नावापुढचा पांढरा ठिपका लाल करायचा, चादरीची घडी घालायची आणि पेटीत कोंबायची.

आमच्याकडे मोजणी दोन टप्प्यांत होते. बुधवारी रात्री नऊला मतदान संपलं की केंद्रावरच पक्षवार मोजणी होते आणि पिशव्यांना सील लागतं. गुरुवारी सकाळी त्या सगळ्या पिशव्या क्रीडा सभागृहात येतात आणि टेबलं मांडून उमेदवारवार मोजणी होते. ती कुणालाही येऊन पाहता येते. हात लावायचा नाही, कामात अडथळा आणायचा नाही. आक्षेप असेल तर तो सांगायचा, आणि आम्ही तो अहवालात नोंदवायचा.

२३ नोव्हेंबर २०२३ च्या त्या गुरुवारी सभागृहात सगळे अर्धवट झोपेत होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. खेर्ट विल्डर्सचा कडवा उजवा पक्ष पहिल्या क्रमांकावर गेला होता. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी स्थापन झालेला एनएससी हा पक्ष थेट २० जागांवर, आणि या देशावर कित्येक वर्षं राज्य केलेला ख्रिस्ती लोकशाहीवादी सीडीए १५ वरून ५ वर. माझ्या टेबलावरची मुलं फोनमध्ये डोकं घालून आकडे वाचत होती. ज्या पक्षाची पिशवी आम्ही उघडत होतो त्याचा आकडा कुणी वाचलाच नाही. वाचायची गरजही नव्हती. तो तीनच असणार होता.

एसजीपीबद्दल मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हेच. पक्षाची स्थापना १९१८ ची, झेलंड प्रांतातल्या मिडलबर्खमधली. त्या वर्षी जागा मिळाली नाही. १९२२ ला पहिली मिळाली, धर्मोपदेशक खेरिट हेंड्रिक केर्स्टेन यांना. तेव्हापासून आजतागायत एकाही निवडणुकीत हा पक्ष शून्यावर आला नाही आणि तीनच्या वर गेला नाही. २०१२ ला १,९६,७८० मतं, २०१७ ला २,१८,९५०, २०२१ ला २,१५,२४९ आणि २०२३ ला २,१७,२७०. टक्केवारी २.०९, २.०८, २.०७, २.०८. बाकी सगळं पात्र पुरात वाहत असताना हा एक खांब तसाच.

याचं कारण निवडणूक पद्धतीतही आहे. पूर्ण देश एकच मतदारसंघ धरून १५० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. एकूण वैध मतांना १५० ने भागलं की एका जागेचा भाव निघतो, तो २०२३ ला ६९,५५१ होता. आपल्याकडच्या पद्धतीत देशभर विखुरलेली दोन टक्के मतं मिळवणारा पक्ष कुठे हिशेबातही नसता. इथे त्याला तीन खुर्च्या मिळतात. पण त्या अगदी काठावरच्या. १९९८ ला १.७८ टक्क्यांत तिसरी जागा पदरात पडली आणि २०१० ला १.७४ टक्क्यांत हुकली. तेव्हा दुसऱ्या ख्रिस्ती पक्षांशी याद्या जोडून उरलेल्या मतांचा फायदा घेता यायचा. ती सोय २०१७ मध्ये कायद्यातून गेली, तरी जागा तीनच राहिल्या.

दुसरं कारण माझ्या रोजच्या कामात दिसतं. जन्मनोंदीच्या खिडकीवर सहावं, सातवं मूल नोंदवायला येणारे बाप आमच्या गावात दुर्मीळ नाहीत. झेलंडपासून ईशान्येला पसरलेल्या या ‘बायबल पट्ट्या’त शाळा वेगळ्या, वर्तमानपत्र वेगळं, रविवार तर अगदीच वेगळा. पक्षाचं संकेतस्थळसुद्धा रविवारी बंद असतं. मतदार प्रचाराने येत नाही, घरातून येतो. शिवाय पाऊस असो की वादळ, तो येतोच. म्हणून एकूण मतदान घसरलं की यांचा टक्का वाढतो.

माझ्या शेजारी मोजणीला बसलेली सहकारीण याच समाजातली. पन्नाशीची, लांब स्कर्ट, केस घट्ट बांधलेले आणि मोजण्याचा वेग असा की बँकेतला कॅशियर लाजेल. आम्ही अनेक वर्षं एका खिडकीआड बसतो. धर्मावर बोलत नाही, सुनांवर बोलतो. त्या दिवशी मात्र तिने आपण होऊन सांगितलं की तिच्या आजीने जन्मात एकदाही मत दिलं नाही. डच बायकांनी पहिल्यांदा मतदान केलं ते १९२२ मध्ये, म्हणजे केर्स्टेन निवडून आले त्याच निवडणुकीत, आणि त्यांच्या पक्षाला बायकांचा मताधिकार तत्त्व म्हणून अमान्य होता. त्या काळी केंद्रावर हजेरी लावणं सक्तीचं होतं, ते १९७० पर्यंत. आजी जायची नाही आणि आजोबा दंड भरायचे. “आणि तू?” मी विचारलं. “मी देते,” ती म्हणाली, “आजीला कळलं असतं तर रागावली असती.” आणि पुढचा गठ्ठा ओढला.

मला हा पक्ष पटत नाही, हे इथेच लिहून टाकते. सत्ता देवाच्या वचनाप्रमाणे चालावी, बाईची जागा राज्यकारभारात नाही, हे ज्यांच्या कार्यक्रमात लिहिलेलं आहे त्यांना माझं मत कधीच जाणार नाही. न्यायालयांनीही त्यांना सोडलं नाही. स्त्री हक्कांसाठी खटले लढवणाऱ्या क्लारा विखमन निधीने आणि इतर संघटनांनी सरकारलाच कोर्टात खेचलं. २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने या पक्षाचं सरकारी अनुदान थांबवायला लावलं. ते पुढे अपिलात परत मिळालं, पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बायकांना उमेदवारी नाकारणं सरकारने चालवून घेता कामा नये. पक्ष स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, तिथे २०१२ मध्ये अर्ज दाखलच करून घेतला गेला नाही. मग २०१३ मध्ये पक्षाने नियमातली आडकाठी काढली, तत्त्व मात्र ठेवलं. पुढच्याच वर्षी व्लिसिंगेन या बंदराच्या गावात लिलियन यान्से या बाई एसजीपीच्या यादीवरून नगरसेविका झाल्या. दार उघडलं ते एवढंच.

अकराच्या सुमारास ती मतपत्रिका निघाली. एसजीपीच्या यादीतलं पहिलं नाव, क्रिस स्तोफर. केस फान डेर स्ताय पंचवीस वर्षं संसदेत काढून बाजूला होत होते, त्यांच्या जागी आलेला हा नवा नेता. ठिपका व्यवस्थित लाल केलेला, काठाबाहेर रेघ नाही. आणि शेजारच्या मोकळ्या जागेत त्याच लाल पेन्सिलीने, जुन्या वळणाच्या सुबक अक्षरात: स्तोत्र १४६, ओवी ३.

मला ते उघडून बघावं लागलं नाही. नगरच्या मिशन शाळेत शिकल्याचा असाही उपयोग होतो. राज्यकर्त्यांवर भरवसा ठेवू नका, माणसाच्या हातात तारण नाही, असं ते वचन आहे. म्हणजे मतदाराने माणूस निवडला होता आणि त्याच्याच शेजारी माणसावर विसंबू नका असं लिहून ठेवलं होतं. मला हसू आलं, सहकारिणीला नाही. तिने कागद ‘शंकास्पद’च्या ट्रेमध्ये ठेवला आणि केंद्राध्यक्षांना हात केला.

नियम साधा आहे. मतपत्रिकेवर काही जादा लिहिलं किंवा चितारलं म्हणून मत बाद होत नाही. लोक फुलं काढतात, शिव्या लिहितात, ती मतं धरली जातात. मतदार कोण हे त्या लिखाणावरून ओळखता येत असेल तरच मत अवैध. अध्यक्षांनी कागद सगळ्यांना दिसेल असा धरला. नाव नाही, सही नाही. वैध, असं त्यांनी म्हटलं.

तेव्हा दोरीपलीकडून आवाज आला, “माझा आक्षेप आहे.”

ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ सकाळपासून आमच्या टेबलासमोर उभे होते. काळा कोट, हातात टोपी. सकाळी कॉफी देताना त्यांनी मला स्वतःहून सांगितलं होतं की ते एसजीपीचे सभासद आहेत, वयाच्या अठराव्या वर्षापासून. मग मला उभ्याउभ्या ‘केर्स्टेनची रात्र’ ऐकवली होती. केर्स्टेन दरवर्षी व्हॅटिकनमधली डच वकिलात बंद करा अशी सूचना मांडायचे आणि ती दरवर्षी पडायची. ११ नोव्हेंबर १९२५ ला दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पक्षाने त्यांना साथ दिली आणि सूचना मंजूर झाली. कॅथलिक मंत्री राजीनामा देऊन निघाले आणि पंतप्रधान कोलाइन यांचं पहिलं सरकार कोसळलं. दोन जागांचा पक्ष! गृहस्थांच्या डोळ्यांत ती रात्र कालचीच होती. केर्स्टेन यांना जर्मन ताब्याच्या काळातल्या वागणुकीमुळे युद्धानंतर संसदेत परत बसू दिलं नाही, हा भाग मात्र त्यांनी वगळला. २०११ चाही विषय निघाला. तेव्हा पंतप्रधान रुटे यांच्या पहिल्या सरकारला वरिष्ठ सभागृहात बहुमताला एक जागा कमी पडत होती, आणि एसजीपीकडे नेमकी एक होती. “आम्ही काही मागितलं नाही,” ते म्हणाले होते. सगळ्या वर्तमानपत्रांनी तेव्हा वेगळं लिहिलं होतं, पण कॉफी देताना मी वाद घालत नाही.

आता हेच गृहस्थ आपल्याच पक्षाचं मत बाद करा म्हणत होते.

अध्यक्षांनी कारण विचारलं. “अक्षर,” ते म्हणाले. “असं वळण आता कुणी शिकवत नाही. गावात हे ओळखणारे निघतील. ओळखता येतं म्हणजे अवैध, असं तुम्हीच आत्ता म्हणालात.”

“तुम्ही ओळखलं का?”

ते गप्प राहिले. त्यांचं लक्ष कागदाकडे नव्हतं, हातातल्या टोपीकडे होतं. मग म्हणाले, “तो प्रश्न मला विचारायचा नसतो.”

बरोबरच होतं ते. मतदान गुप्त आहे, अध्यक्षांनी तो प्रश्न विचारायलाच नको होता. ते ओशाळले आणि आमच्यात दोन मिनिटं कुजबुज झाली. मी म्हटलं, मत धरायलाच हवं. एखाद्याला अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून मत बाद करायला लागलो तर लहान गावात पेन्सिल हातात घेणाराच अडचणीत येईल. सहकारीण माझ्या विरोधात गेली. तिच्या मते असलं वचन असं पेन्सिलीने खरडायचंच नसतं. मी म्हटलं, तो कायद्याचा मुद्दा नव्हे. “नाहीच,” ती म्हणाली, “पण तुला मत विचारलं तसं मलाही विचारलंय.” अध्यक्षांनी शेवटी मत वैध धरलं. स्तोफर यांच्या गठ्ठ्यावर तो कागद गेला.

मी दोरीपाशी गेले आणि विचारलं की या एका मताने तुमच्या पक्षाचं नुकसान झालं असतं, तरी हवंच होतं का तुम्हाला? ते म्हणाले, “जागा किती मिळाव्यात ते आमच्या हातात नाही. नियम पाळणं आहे.” या पक्षाचे तीन खासदार संसदेत घटनेचा आणि कामकाजाच्या नियमांचा कीस काढतात आणि विरोधकही त्यांना त्याबद्दल मानतात, हे मी ऐकून होते. ते कुठून येतं हे त्या दिवशी समोर दिसलं. सत्तेसाठी लढणाऱ्या माणसाने तो आक्षेप घेतलाच नसता.

आक्षेप अहवालात नोंदवायचं काम माझं. मतपत्रिकेचं वर्णन, आक्षेपाचं कारण, अध्यक्षांचा निर्णय, सगळं लिहून काढलं आणि त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘अक्षर ओळखता येतं’ असं मी लिहिलं होतं, तिथे ‘येऊ शकतं’ असं करून घेतलं. मग दुसऱ्या ओळीतला एक स्वल्पविराम चुकीच्या जागी आहे म्हणाले. डच माझी मातृभाषा नाही, त्यामुळे मी सहकारिणीकडे पाहिलं. तिने वाकून वाचलं आणि मान हलवली. मी स्वल्पविराम हलवला आणि आम्ही पुढची पिशवी उघडली. ती विल्डर्सची होती आणि तिला दुपारचे तीन वाजले.