दोन पाडव्यांच्या मधली आमची वाटचाल

मुंबईतल्या आमच्या धंद्यात कार्यक्रम ठरला असे कोणी म्हणत नाही, सुपारी मिळाली असे म्हणतात. बाहेरचा माणूस हा शब्द ऐकून दचकतो, कारण त्याचा दुसरा अर्थ याच शहरातल्या वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवला आहे; पण बेंजोवाले, बँडवाले आणि आमच्यासारखे जादूचे प्रयोग करणारे यांच्या लेखी सुपारी म्हणजे तोंडी दिलेला शब्द आणि त्याच्याबरोबर हातावर ठेवलेला इसार, म्हणजे आगाऊ रक्कम. लालबागमधल्या आमच्या छोट्या व्यवसायाची पहिली तीसेक वर्षे या तोंडी शब्दावरच गेली. २५ मार्च २०२० च्या गुढीपाडव्याला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला राज्यातले निर्बंध पूर्णपणे उठले. या दोन पाडव्यांच्या मध्ये त्या शब्दाचे आणि त्या इसाराचे आम्ही काय केले, ते येथे लिहून ठेवत आहे.

व्यवसाय वडिलांनी सुरू केला. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा कधी आत गेले नाहीत. गणेशोत्सवात मंडळासमोर हौस म्हणून करायचे पत्त्यांचे आणि रुमालांचे खेळ त्यांनी आधी वाढदिवसांना, मग बारशांना आणि सत्यनारायणाच्या पूजांना पैसे घेऊन करायला सुरुवात केली. मी २००४ मध्ये त्यांच्या हाताखाली आलो, तोवर एका जादूगाराच्या पेटीभोवती बोलक्या बाहुल्यांचा कलाकार, विदूषक, निवेदक आणि एक बेंजो पार्टी एवढा गोतावळा जमला होता.

२०२० च्या सुरुवातीला आमच्या यादीत ४१ कलाकार होते आणि पगारी त्यांतला एकही नव्हता. नाटकवाल्यांसारखी आमच्याकडेही 'नाईट' असते. कार्यक्रम संपला की पाकीट हातात, आणि पुढच्या सुपारीपर्यंत कोणाचे कोणाशी देणेघेणे नाही. या पद्धतीचा आम्हाला अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येक जण स्वतःचा मालक आहे असे आम्ही म्हणत असू, आणि बरे दिवस होते तोवर ते खरेही होते. आमचे वर्ष पंचांगावर चालते. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने आणि कंपन्यांचे कौटुंबिक मेळावे, एप्रिल-मे महिन्यांत लग्ने, मुंजी आणि हळदी, मग पावसाळ्यातली मंदी, आणि दहीहंडीपासून दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. मार्च हा नेहमी हात आखडता असलेला महिना, कारण हिवाळ्यातल्या कामाचे कंपन्यांकडचे पैसे यायचे असतात आणि लग्नसराईचा इसार पोशाख व वाद्यदुरुस्तीत गेलेला असतो. महामारी आली ती नेमकी अशा वेळी.

शुक्रवार, १३ मार्चला राज्य सरकारने साथरोग कायदा लागू केला आणि मुंबईतली चित्रपटगृहे, नाट्यगृहे बंद झाली. त्या रविवारी आमचे पाच कार्यक्रम होते; शनिवारी संध्याकाळपर्यंत पाचही रद्द झाले. पहिल्या आठवड्यात लोक 'पुढे ढकलू या' असे म्हणत होते, दुसऱ्या आठवड्यात फोनच येईनासे झाले. जूनअखेरपर्यंतच्या कामांचा १ लाख ८६ हजार रुपये इसार आमच्याकडे २७ घरांचा होता, आणि खात्यात त्यातले जेमतेम ४० हजार शिल्लक होते.

इसार परत करायचा की नाही, हा आमच्यापुढचा पहिला खरा प्रश्न. धंद्यातला रिवाज स्पष्ट आहे : गिऱ्हाइकाने सुपारी मोडली तर इसार बुडाला, कलाकाराने मोडली तर दुप्पट परत. येथे मोडली कोणी? ओळखीच्या बहुतेक व्यावसायिकांनी इसार ठेवून घेतला आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांच्या घरी चूल त्यावरच पेटत होती. आम्ही मात्र २७ नावे एका वहीत उतरवली, प्रत्येकाला फोन केला, आणि ज्यांची नड आहे त्यांना हप्त्याने परत, बाकीच्यांचा पुढच्या कार्यक्रमात वळता, असे सांगितले. नऊ जणांनी परत मागितला. त्यांतल्या एका गृहस्थाची नोकरी गेली होती आणि मुलीच्या हळदीसाठी दिलेले ७००० रुपये मागताना ते इतके संकोचले की आम्हीच खजील झालो. हा निर्णय आम्ही मोठेपणाने घेतला असे कोणी समजू नये. वडिलांच्या वेळेपासून दोन-तीन पिढ्यांची बारशी आणि लग्ने आमच्याकडे आहेत, आणि ही घरे तुटली असती तर महामारीनंतर उघडायला दुकानच उरले नसते.

दुसरी बाजू येण्याची. एका मोठ्या कंपनीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आम्ही सात कार्यक्रम केले होते आणि त्यांचे २ लाख ४० हजार रुपये यायचे होते. आधी साहेब घरून काम करत आहेत, मग लेखा विभाग बंद आहे, आणि शेवटी 'परिस्थिती पाहता' निम्म्यावर तडजोड करा, अशी उत्तरे आली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. ठाऊक झाले तेव्हा कळले की त्याचा आधार घ्यायला आधी उद्योग म्हणून नोंदणी लागते, आणि आमच्याकडे दुकानाच्या परवान्याशिवाय कागद नव्हता. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच महिन्यात ती केली. जुन्या पैशांना तिचा उपयोग झाला नाही. ते निम्मेच आले.

मदत आली ती अनपेक्षित दिशेने. कंपन्या आमच्या बिलांतून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर, कापत असत, आणि उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र भरण्याचा हट्ट आमच्या हिशेबनिसांनी अनेक वर्षे धरला होता. पाच लाखांपर्यंतचे थकलेले परतावे ताबडतोब देण्याचा निर्णय प्राप्तिकर विभागाने ८ एप्रिल २०२० ला जाहीर केला आणि त्या महिन्यात आमच्या खात्यात ३१ हजार रुपये जमा झाले. कंपन्यांकडे थेट काम करणाऱ्या आमच्या निवेदकाचाही असाच टीडीएस कापला जाई. पण त्याने कधी विवरणपत्र भरले नव्हते, त्यामुळे त्याचे पैसे सरकारकडे असूनही त्याला मिळाले नाहीत.

कलाकारांपैकी २२ जणांची २०१४ पासून महिना ५०० रुपयांची भिशी होती. एप्रिलमध्ये चिठ्ठी न काढता तिचे पैसे गरजेप्रमाणे वाटायचे ठरले आणि त्यावरून भांडणे झाली. गरज कोणाची मोठी हे ठरवणार कोण? शेवटी शाळकरी मुले असलेली घरे आधी, असा नियम वडिलांनी घालून दिला. केशरी शिधापत्रिकेवर मे आणि जूनमध्ये माणशी तीन किलो गहू ८ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ १२ रुपयांनी मिळाले, त्याचाही मोठा आधार वाटला. विदूषकाने भाजीची गाडी लावली. मेंदी काढणाऱ्या ताईंनी मास्क शिवले. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलाच्या टेम्पोवर कर्ज होते. हप्ते लांबवण्याची सवलत ऑगस्टअखेरपर्यंत मिळाली, व्याज मात्र चढतच राहिले, म्हणून त्याने टेम्पोतून औषधे आणि किराणा पोहोचवायला सुरुवात केली. बेंजो पार्टीतले चौघे ई-पास काढून कोकणात गेले आणि गावच्या शाळेत चौदा दिवस विलगीकरणात राहिले.

योजनांविषयी एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमचा एक कलाकार लांब फुगे वळून कुत्रे, तलवारी आणि फुले करतो. पथविक्रेत्यांना १० हजार रुपये भांडवली कर्ज देणारी केंद्राची स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली तेव्हा तो अर्ज घेऊन गेला. तेथे त्याला विचारले गेले की तू फुगे विकतोस की वळतोस. विकणारा पात्र होता, वळणारा नव्हता. आमच्या धंद्यालाही त्या वर्षीच्या तारणाशिवायच्या कर्जहमीचा लाभ मिळाला नाही, कारण ती आधीचे कर्ज चालू असलेल्यांसाठी, त्या कर्जाच्या शिल्लक रकमेच्या प्रमाणात होती, आणि आम्ही कधी कर्जच काढले नव्हते. कर्ज न काढणे हा आमच्या घरात सद्गुण समजला जातो.

मे महिन्यात पेट्या आणि पोशाख विकण्याचा विषय निघाला. उत्तर प्रदेशातला एक व्यापारी मुखवटे आणि दिवे स्वस्तात उचलत होता. वडील तेव्हा ७४ वर्षांचे होते, ते एवढेच म्हणाले, "संपात तुझ्या आईची तांब्याची भांडी विकली, ती पुन्हा घेता आली. पेटी विकू नकोस." काही विकले नाही.

ऑनलाइन कार्यक्रमांविषयी त्या वर्षी फार उत्साहाने बोलले गेले, म्हणून अनुभव नीट सांगतो. झूमवर विनामूल्य बैठक ४० मिनिटांत बंद पडते, म्हणून आम्ही प्रयोग ३८ मिनिटांचा बांधला. आठ हजारांच्या प्रयोगाचे दीड हजार मिळू लागले. बेंजो पार्टीचा निकाल पहिल्याच तालमीत लागला, कारण आवाज पोहोचायला लागणारा क्षणाचा विलंब ताल मोडतो. चौघांनी चार घरांतून वाजवलेले चार वेगवेगळ्या गाण्यांसारखे ऐकू आले. बोलक्या बाहुल्यांचा खेळ पडद्यावर उलट जास्त रंगला, कारण बाहुलीचा चेहरा शेवटच्या रांगेतल्या मुलालाही जवळून दिसू लागला. जादूची अडचण सूक्ष्म होती. समोर बसलेल्या मुलाच्या हातातले नाणे नाहीसे होते तेव्हा तो थक्क होतो. पडद्यावर तेच केले तर 'कॅमेऱ्याची करामत' म्हणून तो जांभई देतो. शिवाय आमच्या चाळीत पाणी संध्याकाळी सहाला येते आणि वाढदिवसही सहालाच असतात, त्यामुळे पहिल्या काही प्रयोगांना हंडे-बादल्यांचे पार्श्वसंगीत होते.

तोडगा निघाला तो त्या जांभईतून. मुलांनी रबरबँड, नाणे, पेला, वर्तमानपत्र आणि दोरा घेऊन बसावे आणि जादू त्यांच्याच हातांनी घडावी, असा प्रयोग आम्ही नव्याने रचला. नाणे मुलाच्या स्वतःच्या मुठीत असले की संशयाला जागा राहत नाही. दुबई आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी तो पुनःपुन्हा मागवला आणि त्यातूनच पुढे सुट्टीतली जादूची कार्यशाळा उभी राहिली, जी आजही चालते. मात्र ऑनलाइनने आम्हाला तारले असे मी म्हणणार नाही. ४१ कलाकारांपैकी त्यावर काम मिळाले ते सहा जणांना.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती, मिरवणुकांना बंदी होती, आणि आमच्या लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव म्हणून रक्तदान व प्लाझ्मादान शिबिरे भरवली. विसर्जनाच्या दिवशी गल्लीत चिमण्यांचा आवाज येत होता. आमच्या बेंजोवाल्याला तो सहन झाला नाही आणि तो दार लावून आत बसला.

हिवाळ्यात थोडी धुगधुगी आली, पण लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती आणि त्यात सगळेच मोजले जात. भटजी हवेत, आचारी हवा, छायाचित्रकार हवा. वाजवणारे आधी वगळले जात. २२ एप्रिल २०२१ पासून तर लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरकायचे आणि मोडल्यास ५० हजार दंड, असा नियम आला. त्याच आठवड्यात आमचे सर्वांत जुने निवेदक गेले. तीस वर्षे त्यांनी आमच्या प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाचा पडदा शब्दांनी उघडला होता. अंत्यविधीला आमच्यापैकी कोणालाच जाता आले नाही. कलावंतांसाठी राज्याची ५००० रुपयांची एकरकमी मदत जाहीर झाली, तेव्हा कलाकार असल्याचा पुरावा म्हणून आम्ही जुनी निमंत्रणपत्रे, मंडळांच्या पावत्या आणि पिवळी पडलेली छायाचित्रे गोळा करत बसलो. गेलेल्या निवेदकांच्या नावाची पत्रे त्या ढिगात सर्वांत जास्त होती.

निर्बंध उठल्यावर कामांचा एकदम पाऊस पडला आणि आम्ही तयार नव्हतो. दोन पावसाळे बंद राहिलेल्या गोदामात मुखवट्यांचा फोम उंदरांनी खाल्ला होता, पोशाखांना बुरशी होती, ढोलांची पाने सैल पडली होती. त्याहून कठीण म्हणजे माणसे नव्हती. ४१ पैकी २६ परत आले. टेम्पोवाला म्हणाला, "दादा, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात हो आता." त्याला आग्रह करण्याचा धीर मला झाला नाही.

आता सुपारी तोंडी घेत नाही. एका पानाचा मराठी करार असतो. कार्यक्रम सरकारी आदेशाने रद्द झाला तर इसाराचे काय, हे त्यात पहिल्याच कलमात आहे. इसाराची निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि कार्यक्रम पार पडेपर्यंत तिला हात लावत नाही. प्रत्येक नाईटमधून तीन टक्के कलाकारांच्या निधीत जातात, आणि विवरणपत्र न भरणाऱ्याला कंपन्यांच्या कामावर पाठवत नाही, यावरून दोघे नाराज होऊन गेलेही. जुनी गिऱ्हाइके करार पाहून हसतात, 'आमच्यावर विश्वास नाही का' असे विचारतात, आणि सही करतात.

त्या २७ नावांपैकी नऊ जणांचे पैसे २०२१ च्या दिवाळीपर्यंत फेडले. एका मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा २९ मार्च २०२० चा इसार तिच्या तिसऱ्या वाढदिवशी वळता झाला; तिने आमच्या विदूषकाला पाहून भोकाड पसरले. आता वहीत एकच नाव उरले आहे. डोंबिवलीच्या एका हळदीचे ४००० रुपये आहेत, तो फोन क्रमांक लागत नाही आणि पत्त्यावरची इमारत पाडली गेली आहे. हिशेबनीस ती रक्कम उत्पन्नात दाखवा म्हणतात. आम्ही दर १ एप्रिलला ती नव्या वहीत देणे म्हणून पुढे ओढतो.